किल्लीच नसलेला ट्रक

अमेरिकी सैन्याच्या जुन्या 'एम-३५' ट्रकमध्ये बसलात, तर किल्ली लावायची जागा शोधू नका. ती नाहीच. डॅशबोर्डवरचा खटका फिरवायचा, बटण दाबायचं, की इंजिन धडधडू लागतं. १९५० पासून वापरात आलेल्या या अडीच टन माल वाहणाऱ्या ट्रकला किल्ली न देण्यामागे हिशेब होता: रणांगणावर चालक पडला आणि किल्ली त्याच्याच खिशात राहिली, तर पुढचा माणूस काय करणार?

सैन्यातून निवृत्त होऊन हे ट्रक लिलावात हौशी लोकांकडे गेले, आणि तीच सोय मालकाच्या डोक्याला ताप झाली.

हे चोरीचं दुखणं जुनंच आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या बहुतेक जीपनाही किल्ली नव्हती. सैनिक उतरताना डिस्ट्रिब्युटरचा रोटर काढून खिशात टाकत. १९४७ नंतर मुंबईत जुळणी होऊ लागलेल्या विलीज जीप ज्यांनी हाताळल्या, त्यांना हा बोटभर तुकडा चांगला ठाऊक असेल. त्याच्याशिवाय ठिणगी प्लगपर्यंत पोचत नाही. अर्थात, चोर सैनिकच असला तर त्याच्या खिशातही एक जादा रोटर असायचा! मग स्टिअरिंगला साखळदंड आणि कुलूप आलं. अमेरिकी सैन्यात ती पद्धत पुढेही टिकली.

एम-३५ च्या डिझेलवर चालणाऱ्या इंजिनात रोटरच नसतो, त्यामुळे ती युक्ती बाद. साखळी मात्र चालते. तिचं एक टोक केबिनच्या पोलादाला वेल्डिंगने पक्कं करून घ्यावं आणि दुसरं स्टिअरिंगच्या आऱ्यातून ओवून कुलूप घालावं. चोराला ती बाहेरूनच दिसते, हा तिचा मोठा गुण.

पण नुसत्या कुलपावर विसंबू नये. मे १९९५ मध्ये सॅन डिएगोत एका माजी सैनिकाने नॅशनल गार्डच्या आवारातून एम-६० रणगाडा पळवला. झाकण त्याने कटावणीने उचकटलं. पहिले दोन रणगाडे सुरूच झाले नाहीत, तिसरा झाला.

म्हणून कुलपाच्या जोडीला गाडी सुरूच होणार नाही, अशी तजवीज हवी. एम-३५ ला बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट मिळतात. त्यांच्या वायरवर चोरखिशासारखा लपवलेला मेन स्विच बसवता येतो. बॅटऱ्यांच्या पेटीलाही कुलूप हवं. अख्खा ट्रक नेण्यापेक्षा बॅटऱ्या नेणं सोपं. मात्र ट्रक उतारावर उभा असेल, तर हा स्विच पुरेसा नाही. या इंजिनाला चालत राहायला वीज लागत नाही. ट्रक घरंगळू देऊन गिअर टाकला, की ते पेटू शकतं.

इंजिन बंद करायला यात एक ओढायची मूठ असते. ती ओढली की इंधन तुटतं. मूठ ओढलेलीच ठेवून उघड्या दांड्यावर चिरलेला लोखंडी पाइपचा तुकडा बसवावा आणि वर कुलूप घालावं. मग स्टार्टर कितीही फिरवा, इंजिन पेटणार नाही. मला हाच उपाय सर्वांत आवडतो: खर्च किरकोळ, आणि गाडी भररस्त्यात बंद पडण्याची भानगड नाही. डिझेलचा कॉक बंद करून ठेवला, तर नळीतल्या उरलेल्या डिझेलवर ट्रक थोडा पुढे जाऊन नेमका चौकात बंद पडू शकतो. चोर पळून जाईल. सहा टनांचं धूड हलवायला मालकालाच जावं लागेल.