आढ्यावरची शेवटची पट्टी

अमेरिकेत बहुतेक घरांच्या उतरत्या छपरांवर शिंगल्स, म्हणजे डांबरी पट्ट्या, असतात. दोन उतार जिथे भेटतात, त्या आढ्याला मात्र जास्त जपावं लागतं. तीन फुटी शिंगलचे फूट-फूट रुंदीचे तीन तुकडे कापून ते आढ्यावर खोगिरासारखे वाकवून बसवतात. थंडीत डांबर कडक होऊन तडकतं, म्हणून तुकडे आधी उबेत ठेवायचे. प्रत्येकाचा पाचेक इंच भागच उघडा राहतो. खिळे पुढच्या तुकड्याखाली झाकले जातात. आणि सुरुवात कुठून? वारा बहुधा जिकडून येतो, त्याच्या पलीकडच्या टोकापासून. मग वाऱ्याला उघडी कड सापडतच नाही. या कामातलं हे शहाणपण मला सर्वांत सुंदर वाटतं. शेवटच्या तुकड्याचे खिळे उघडेच राहतात. त्यांच्या डोक्यांवर डांबरी लुकण लावतात.