निवृत्तांचा आरोग्यविमा : काय पाहून घ्यावा?

नोकरीतून निवृत्त होताना माणसाच्या बाबतीत तीन गोष्टी एकदमच घडतात. पगार थांबतो, शरीर आपली जुनी बाकी मागू लागते आणि मालकाने काढलेला गटविमाही बहुधा त्याच दिवशी संपतो. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून उभी राहिलेली जन्माची पुंजी एका शस्त्रक्रियेत निघून गेलेली आम्ही संघटनेच्या कामात पुष्कळदा पाहिली आहे. म्हणून विमा कोणता घ्यावा, याचा विचार निवृत्तीच्या निदान वर्षभर आधी झाला पाहिजे. तहान लागल्यावर विहीर खणून येथे भागत नाही.

विकत घेण्यापूर्वी आपल्या हक्काचे काय आहे, ते प्रथम पाहावे. कामगार राज्य विमा योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. या योजनेत किमान पाच वर्षे विमेदार राहून निवृत्त झालेल्या कामगाराला, वर्षाला अवघे १२० रुपये भरून, स्वतःसाठी व पतीसाठी अथवा पत्नीसाठी वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो. ही गोष्ट ज्यांना ठाऊक नसते तेच तिला मुकतात. दुसरा हक्क सत्तरी गाठलेल्यांचा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून, उत्पन्न कितीही असो, सत्तर व त्यापुढील वयाच्या नागरिकांना आयुष्मान वय वंदना कार्डावर कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. मात्र ते योजनेतील रुग्णालयांतच, आणि दाखल झाल्यावरच. आपल्या गावाजवळचे असे रुग्णालय कोणते, याची चौकशी प्रकृती धडधाकट असतानाच करून ठेवावी.

आता विकतच्या विम्याकडे वळू. १ एप्रिल २०२४ पासून पासष्ट वर्षांची जुनी वयोमर्यादा उठली आहे. केवळ वयाकडे बोट दाखवून दार लावता येत नाही. परंतु प्रकृती पाहून नकार येऊ शकतो. यासाठी गटविमा संपण्यापूर्वीच त्याच कंपनीच्या वैयक्तिक विम्यात बदली मागावी. तसे केल्यास प्रतीक्षेची जी वर्षे आधी भरली, ती जुन्या रकमेपुरती जमेस धरतात. मध्ये खंड पडला की पुन्हा पहिल्यापासून मोजणी!

विमापत्र हाती आले की बहुतेक जण दोनच आकडे पाहतात : विम्याची रक्कम आणि हप्ता. खरे पाहावयाचे ते आतील अटींत असते.

पहिली अट प्रतीक्षेची. आधीपासून असलेल्या आजारासाठी ती जास्तीत जास्त ३६ महिने असू शकते; जितकी कमी तितकी बरी.

दुसरी अट सहभागाची. बिलातील २० टक्के विमेदाराने सोसावे असे लिहिले असेल, तर मान्य झालेल्या दोन लाखांच्या बिलात ४० हजार आपल्या खिशातून जातात.

तिसरी अट खोलीभाड्याची, आणि फसगत होते ती येथेच. समजा, तीन लाखांच्या विम्यात खोलीभाडे एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये आहे आणि आपण ६,००० रुपयांची खोली घेतली. आता फक्त वरचे तीन हजार भरले की सुटलो, असे नव्हे. जेथे खोलीप्रमाणे इतर दर बदलतात, तेथे डॉक्टरांची व शस्त्रक्रियेची फीही निम्मीच मंजूर होऊ शकते. ती फी एक लाख असेल तर पन्नास हजारांचा फटका! औषधे व तपासण्या यांना मात्र ही कात्री लावता येत नाही.

हप्त्याच्या बाबतीत थोडा दिलासा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के कर गेला. साठीपुढील विमेदारांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून अधिक वाढवावयाचा, तर कंपनीला आधी नियामकाशी विचारविनिमय करावा लागतो.

एक गोष्ट बजावून सांगतो. अर्ज भरताना मधुमेह, रक्तदाब, काहीही लपवू नये. एजंट म्हणेल, "लिहू नका, काम अडेल." काम अडते ते पुढे, दाव्याच्या वेळी, आणि त्या वेळी एजंट शेजारी नसतो. विमापत्र हाती आल्यावर ते वाचून परत करण्यास तीस दिवसांची मुदत असते, ती वापरावी. पुढे दावा नाकारला गेला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि तेथे दाद न लागल्यास विमा लोकपालाकडे जावे. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. तेथे फी नाही, वकीलही लागत नाही.

एवढे करूनही रोजच्या गोळ्यांचा खर्च बहुतेक विम्यांत बसत नाही. तो फंडाच्या व्याजातून वेगळा काढून ठेवावा. आणि विमापत्र एकट्याने वाचू नये. शाळेत फारसे न गेलेल्या आम्हांला करारातील कलमे समजली ती चौघांत बसून मोठ्याने वाचल्यामुळेच. निवृत्तांनीही तसेच बसावे, आणि न कळलेल्या ओळीचा अर्थ कंपनीकडून लेखी मागून घ्यावा.