भूल, फक्त डोळ्यापुरती

आमच्या अनसिंगात एक टेलर मास्तर होते. त्यांच्याशी हात मिळवला की पकड लवकर सुटत नसे. लोक म्हणत, मास्तर मोठा जीव लावणारा माणूस! चाळिशीतच त्यांना मोतीबिंदू झाला. वाशिमला डॉक्टरांनी डोळे तपासले आणि म्हणाले, "मूठ घट्ट आवळा, आता पटकन उघडा बघू." मूठ उघडेना.

आजार स्नायूंचा होता. मायोटॉनिक डिस्ट्रॉफी हे त्याचं नाव. तो वंशातून येतो. स्नायू हळूहळू दुबळे होतात आणि आवळलेला स्नायू लवकर सैल होत नाही. मोतीबिंदूही कमी वयात होतो. त्यात रंगीत, चमकणारे बारीक कण दिसतात, त्यामुळे कधीकधी या आजाराचा पहिला सुगावा डोळ्यांच्या डॉक्टरांनाच लागतो.

मास्तर म्हणाले, "मला पूर्ण बेशुद्धच करा. डोळ्याजवळ सुई नको." डॉक्टर तयार होईनात. कारण पूर्ण भूल देताना स्नायू सैल करण्यासाठी वापरतात त्यांपैकी सक्सिनिलकोलीन हे औषध अशा रुग्णात उलटंच वागतं. जबडा, छाती ताठरते आणि श्वासासाठी नळी घालणं अवघड होतं. गुंगीच्या थोड्या औषधानंही श्वास मंदावतो. मुलांमधल्या ड्युशेन या स्नायूंच्या आजारात तर याच सक्सिनिलकोलीननं रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं.

मराठीत 'भूल' पडली की माणूस रस्ता चुकतो, उर्दूत भूल म्हणजे चूक. इथे दोन्ही अर्थ लागू पडावेत!

सुदैवानं डोळा तेवढा बधिर करता येतो. १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी हे दाखवून दिलं. आज कोकेनऐवजी दुसरी, कमी धोक्याची औषधं आहेत. नुसते थेंब टाकतात, नाहीतर डोळ्याभोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन देतात. रुग्ण जागा राहतो, आपला श्वास आपण घेतो.

तरी निर्धास्त राहू नये. या आजारात हृदयाचे ठोकेही बिघडतात, म्हणून आधी ईसीजी हवा. उताणं निजल्यावर दम लागतो का, हे पाहावं लागतं. थंडीनं स्नायू आखडतात, म्हणून अंगावर पांघरूण हवं. शिबिरात साखर, रक्तदाब विचारतात. मूठ अडकते, पापण्या पडतात, जिना चढवत नाही, घरात कुणाला असा आजार आहे, हे कुणी विचारलं नाही तरी आपण होऊन सांगावं. लाजून लपवणारे मी पाहिले आहेत.

मास्तरांचं ऑपरेशन थेंबांवरच झालं. सिस्टरनं धीर द्यायला हात हातात दिला होता. डोळ्याला पट्टी बांधून झाली, तरी तो हात काही लवकर सुटला नाही.