पन्नास रुपयांचा हिशेब

गाय खुंट्याला आखूड बांधलेली असते. एकजण शिंगं धरतो, दुसरा कान ताणून धरतो. पशुधन पर्यवेक्षक कानाच्या शिरा बोटांनी चाचपतो, त्या चुकवून मधोमध चिमटा लावतो आणि दाबतो. गाय मान झटकते, की काम संपलं. पिवळ्या टॅगवरचा बारा आकडी नंबर तो चार-चार आकड्यांत मोठ्यानं वाचतो. गोशाळेतला पोरगा मोबाइलमध्ये नंबर भरतो आणि मोबाइलला रेंज नसेल तर आधी वहीत उतरवून घेतो. गाय कुठून आली, वय काय, रंग कोणता, शिंगं कशी, हेही तिथंच लिहिलं जातं.

घनसावंगी तालुक्यातल्या एका छोट्या गोशाळेची कागदपत्रं लावायला मी मदत करतो. इथली जनावरं कुणी हौसेनं पाळलेली नाहीत. काही रस्त्यावरच्या अपघातात पाय मोडलेली, काही आटलेल्या म्हाताऱ्या गाई, तर काही पोलिसांनी गाडी अडवून सोडवलेली. २०१५च्या कायद्यानं गाईबरोबर बैल आणि वळूंच्याही कत्तलीवर बंदी आली. तेव्हापासून ही जनावरं सांभाळायची कुणी, हा प्रश्न गावोगावी उभा आहे.

३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळानं गोशाळांतल्या देशी गाईंसाठी दर गाईमागे रोज ५० रुपये अनुदान द्यायचं ठरवलं. योजना महाराष्ट्र गोसेवा आयोगाकडे आहे आणि पडताळणीसाठी जिल्हा समिती आहे. टॅग सक्तीचा, गोवंश सांभाळल्याचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा आणि गोशाळेत किमान ५० जनावरं हवीत. पन्नास देशी गाई असतील तर दिवसाला २,५०० आणि तीस दिवसांच्या महिन्याला ७५,००० रुपये होतात. चारा, पाणी, औषधं आणि गड्याचा पगार या सगळ्यांपुढे ही रक्कम मोठी नाही. पण उन्हाळ्यात तिच्यावरच गोशाळा तगते.

टॅगबद्दल माझी तक्रार नाही, उलट तो हवाच. २०१९च्या दुष्काळात मराठवाड्यात चारा छावण्या होत्या. मोठ्या जनावरामागे रोज ९० रुपये मिळायचे, पुढे ते १०० झाले. त्या वेळी बीड जिल्ह्यात अचानक तपासणी झाली, तेव्हा कागदावरची जनावरं आणि दावणीची जनावरं यांत हजारोंची तफावत निघाली. तो पैसा खऱ्या जनावरांच्या तोंडचा होता. म्हणून जनावर आहे की नाही हे दाखवणारा कागद कितीही काटेकोर असला तरी चालेल.

अडचण येते ती हिशेबासाठी लागणाऱ्या चाऱ्याच्या बिलापाशी. कडबा शेजारच्या शेतकऱ्याकडून येतो. तीर्थपुरी भागात ऊसतोड सुरू झाली की फडातून वाढं मिळतं. सोयाबीनचं भुसकट कुणी असंच देऊन जातं. यातल्या कुणाकडेच बिलबुक नसतं. गोशाळेच्या व्यवस्थापकानं मला विचारलं होतं, "बिल कुठून आणू? आबांनी गाडी रिकामी केली अन् पैसे घेऊन गेले." यावर सोपा उपाय आहे. गाडी आधी वजनकाट्यावर न्यायची आणि पावती घ्यायची. मग एक व्हाउचर करायचं: तारीख, शेतकऱ्याचं नाव, गाव, चाऱ्याचा प्रकार, वजन, दर, सही किंवा अंगठा. पैसे जमतील तिथं थेट खात्यावर टाकायचे. आम्ही हेच करतो. पडताळणीला येणाऱ्यानं वजनाची बेरीज केली आणि तिला जनावरांच्या संख्येनं आणि दिवसांनी भागलं, तर जनावर पोटभर खातं की नाही हे त्याला कळतं. नुसत्या बिलावरून ते कळत नाही.

दुसरी अडचण नोंदणीच्या कागदांची. संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली असते. ताळेबंद आणि जमाखर्च धर्मादाय कार्यालयात जातात. एखादा विश्वस्त वारला की बदल अर्ज करावा लागतो. हे सगळं सरकारकडे आधीच असतं. तरी प्रत्येक नव्या अर्जाला तेच कागद पुन्हा साक्षांकित करून जोडायचे आणि त्यासाठी जालन्याला खेटे घालायचे. ज्या माणसानं सकाळी शेण काढायचं, जखमा धुवायच्या, तोच माणूस दिवसभर झेरॉक्सच्या दुकानात उभा असतो.

देणगीदारांच्या कागदांचंही असंच. मोठ्या देणगीला मोठी तपासणी योग्यच. पण एखादी कंपनी किंवा देणगीदार पंचवीस हजार देणार असेल, तर त्यानं चार गोष्टी मागाव्यात: नोंदणीचं प्रमाणपत्र, बँक पासबुकाची प्रत, जनावरांच्या नोंदवहीची चालू महिन्याची पानं आणि पैसे खर्च झाल्यावर व्हाउचरसह एक पानी हिशेब. सोबत एकदा न कळवता येऊन दावणीची जनावरं मोजावीत. प्रकल्प अहवाल, तिमाही छायाचित्रसंच, तीन वर्षांचं नियोजन हे त्या रकमेला शोभत नाही. ते तयार करून घ्यायला माणूस लावला तर देणगीतला चांगला हिस्सा तिथंच जातो.

गोशाळेनंही आपली बाजू सांभाळायला हवी. पोलिसांकडून आलेलं जनावर हा खटल्यातला मुद्देमाल असतो. त्याचा पंचनामा आणि ताब्याची पावती वेगळ्या फायलीत लागते. जनावर मेलं तर त्याच दिवशी डॉक्टरांचा दाखला घ्यायचा आणि वहीत टॅग नंबरासमोर तारीख टाकायची. कान फाटून टॅग पडला, तर नव्या नंबराशेजारी जुना लिहायचा. ही वही आधी गाईच्या कामाची असते: लस कधी दिली, जखम कधी भरली, कोणती गाय खात नाही, हे तीच सांगते.

पन्नासहून कमी जनावरं असलेल्या आणि गाईंशिवाय जखमी कुत्री, गाढवं सांभाळणाऱ्या छोट्या केंद्रांना पन्नास रुपयांच्या योजनेत जागा नाही. त्यांची भिस्त लहान देणग्यांवरच असते. त्यांच्याकडून अशी रोज लिहिलेली वही पुरावा म्हणून मान्य केली, तर जनावरांपाशी थांबणाऱ्या माणसाला तिथं थांबता येईल.