पंचावन्न हजार सिनेमे आणि एक बंद दार

२००७ साली मोझर बेअरने सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली, आणि आपल्याकडच्या कितीतरी घरांत सिनेमांचे ढीग साचू लागले. त्यातलं एक घर माझं. तोवर अस्सल डीव्हीडी ही दहादा विचार करून घ्यायची वस्तू होती. लायब्ररीतून भाड्याने सीडी आणायची, रात्रीतून पाहायची, दुसऱ्या दिवशी परत करायची, नाहीतर दंड भरायचा. भाड्याची सीडी म्हणूनच पाहिली जायची. विकत घेतलेलीला असली घाई नसते. २८ रुपयांत सिनेमा कायमचा आपला झाला, मग तो आजच पाहायचं कारण काय? पुढच्या आठवड्यात आणखी चार घेतल्या. मोझर बेअर बुडाली, २०१८मध्ये ती अवसायनात काढायचा आदेशही निघाला. ढीग मात्र आहे तिथेच आहे.

हे दुखणं जगभरचं आहे. अमेरिकेत ‘क्रायटेरियन कलेक्शन’ने १९८४मध्ये ‘सिटिझन केन’ आणि ‘किंग काँग’ या दोन लेझरडिस्कनी सुरुवात केली. त्यांच्या प्रत्येक डब्याच्या कण्यावर क्रमांक असतो, आणि मधला एखादा क्रमांक नसला की संग्राहकाला चैन पडत नाही. जुलै आणि नोव्हेंबरात बार्न्स अँड नोबलच्या दुकानांत याच डिस्क निम्म्या किमतीला लागतात. तेव्हा पिशव्या भरून खरेदी होते आणि वेष्टनं न फोडताच डबे कपाटात जातात. आपल्याकडे त्यात विभागांच्या कुलपाची भर. डीव्हीडीच्या नकाशावर अमेरिका पहिल्या विभागात आणि भारत पाचव्या. भाच्याने हौसेने तिकडून आणलेली डिस्क इथल्या साध्या प्लेअरवर चालायचीच नाही. ती सरळ ढिगात.

अशा संग्राहकांची थट्टा पुष्कळ होते. पाहायचं नाही तर घेता कशाला, हा प्रश्न मलाही घरीदारी ऐकावा लागला आहे. पण सिनेमा नाहीसा होऊ शकतो हे ज्याला एकदा कळलं, त्याला तो हाताशी असावासा वाटणारच. सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३मध्ये लंडनच्या एका लॅबोरेटरीतल्या आगीत होरपळल्या. पुढे इटलीत बोलोन्याच्या कारागिरांनी ते करपलेले तुकडे रसायनाने मऊ करून हातांनी सांधले, जेवढं वाचलं तेवढं वापरलं, आणि २०१५मध्ये ही त्रयी नव्या झळाळीने डिस्कवर आली. तो संच विकत घेऊन तसाच ठेवणाऱ्याला मी दोष देणार नाही.

या वेडाचा माग काढताना मला भेटला तो योंगमान किम. कोरियातून न्यूयॉर्कला आलेला हा माणूस ईस्ट व्हिलेजमध्ये लाँड्री चालवत असे. ऐंशीच्या दशकात त्याने लाँड्रीच्या एका कोपऱ्यात व्हिडिओ कॅसेट भाड्याने द्यायला सुरुवात केली. कपड्यांपेक्षा कॅसेटचं गिऱ्हाईक वाढलं आणि १९८७मध्ये ‘किम्स व्हिडिओ’ उभं राहिलं. सेंट मार्क्स प्लेसवरचं त्याचं ‘मोंडो किम्स’ हे दुकान म्हणजे सिनेमावेड्यांची पंढरीच होती. जगात कुठेच अधिकृतपणे न मिळणारे सिनेमे तिथे मिळत, आणि त्यातले काही किमने सरळ बेकायदा प्रती करून ठेवलेले असत. २००५मध्ये दुकानावर धाड पडली, कर्मचाऱ्यांना अटक झाली. कायद्याच्या दृष्टीने ते चूकच. पण जो सिनेमा त्याच्या मालकालाच विकावासा वाटत नाही, तो प्रेक्षकाने पाहायचा तरी कुठे? या दुकानाच्या काउंटरवर काम करता करता पुढे ॲलेक्स रॉस पेरीसारखे दिग्दर्शक आणि शॉन प्राइस विल्यम्ससारखे छायालेखक तयार झाले. एखाद्या फिल्म स्कूलने मिरवावं असं हे काम एका भाड्याच्या दुकानाने केलं.

डीव्हीडी घरपोच येऊ लागल्या, मग इंटरनेटवरून सिनेमे येऊ लागले, आणि धंदा बसला. २००८मध्ये किमने जाहीर केलं की सुमारे ५५ हजार सिनेमांचा संग्रह तो देऊन टाकणार. अट अशी की संग्रह फोडायचा नाही आणि जुन्या सभासदांना तो पाहू द्यायचा. दिसायला साधी, पण न्यूयॉर्कसारख्या शहरात तेवढी जागा कोण देणार? संग्रह गेला तो थेट सिसिलीतल्या सालेमी नावाच्या गावी. १९६८च्या भूकंपातून कधी पुरतं न सावरलेलं हे डोंगरातलं गाव. तिथले महापौर होते व्हित्तोरियो स्गार्बी, कलासमीक्षक आणि टीव्हीवरच्या भांडणांसाठी प्रसिद्ध. पडकी घरं एक युरोला विकून गाव वसवायचं, अशीही त्यांची योजना होती. संग्रहाचं डिजिटायझेशन करू, रात्रंदिवस चालणारा सिनेमहोत्सव भरवू, सभासद आले तर त्यांच्या राहण्याची सोय करू, अशी आश्वासनं दिली गेली.

त्यातलं फारसं काही झालं नाही. कॅसेट आणि डिस्क एका इमारतीत कुलूपबंद पडून राहिल्या. स्गार्बी २०१२मध्ये पायउतार झाले आणि माफियाच्या शिरकावाचं कारण देऊन गावची परिषदच बरखास्त झाली. किमचा जुना सभासद डेव्हिड रेडमन हा माहितीपटकार संग्रह शोधत तिथे पोचला, तेव्हा त्या इमारतीत ओल शिरलेली होती. त्याने आणि ॲशली सॅबिनने केलेला ‘किम्स व्हिडिओ’ हा माहितीपट २०२३मध्ये सनडान्स महोत्सवात दाखवला गेला. त्यात थोर दिग्दर्शकांच्या चेहऱ्यांचे मुखवटे घातलेली मंडळी त्या इमारतीतून खोकी पळवून नेतात. ती चोरी पाहताना मी उघडपणे चोरांच्या बाजूने होतो. पुढे रीतसर बोलणी झाली आणि २०२२मध्ये संग्रह न्यूयॉर्कला परतला. मॅनहॅटनमधल्या अलामो ड्राफ्टहाउस या चित्रपटगृहात तो पुन्हा लोकांच्या हाती आला.

५५ हजार सिनेमे रोज एक या हिशेबाने पाहायचे तर दीडशे वर्षं लागतील. म्हणजे किमच्या दुकानातही बहुतेक सिनेमे कोणत्याही एका माणसाने न पाहिलेलेच होते. सालेमीतही तेच सिनेमे, तेवढेच न पाहिलेले. फरक दाराचा. जुन्या फिल्म संग्रहालयांत या मुद्द्यावर मोठं वैर झालेलं आहे. लंडनचे अर्नेस्ट लिंडग्रेन म्हणत, जपणुकीची प्रत प्रोजेक्टरवर चढवायचीच नाही. पॅरिसचे आंरी लांगलुआ म्हणत, दाखवल्याशिवाय सिनेमा जगत नाही. लांगलुआंचा कारभार अव्यवस्थित होता, प्रतीही त्यांनी गमावल्या. तरीही मी त्यांच्याच बाजूचा. सालेमीने ते पक्कं केलं.

आणि डिस्क काही अमर नसते. तिच्यातला ॲल्युमिनियमचा थर हवा लागली की गंजतो, दोन थरांमधला गोंद सुटतो. वॉर्नर ब्रदर्सच्या २००६ ते २००८च्या सुमारास निघालेल्या कित्येक डीव्हीडी अशाच निकामी झाल्या आणि २०२५मध्ये कंपनीला ते मान्य करावं लागलं. वेष्टन न फोडलेल्या डिस्कही यातून सुटत नाहीत. उलट, संग्राहकाला ते कळतच नाही.

वॉर्नरच्या डिस्कची ही बातमी वाचल्यावर मी माझ्या मराठी व्हीसीडी खाली काढल्या. एकेक दिव्यासमोर धरली. काहींच्या चंदेरी थरातून सुईच्या अग्राएवढे उजेडाचे ठिपके दिसले. एक सिनेमा तीन सीडींचा. दुसरी सीडी ऐन लावणीत अडकते, प्लेअर खर्रर्र करत मागे-पुढे होतो आणि थेट पुढच्या प्रसंगावर उडी मारतो. चित्र तर मुळातच ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, कोपऱ्यात कंपनीचा शिक्का. दर्जा म्हणावा तर यथातथाच. तरीही सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही ग्रामीण आणि तमाशापटांची याहून बरी प्रत मला आजवर कुठे मिळालेली नाही. पुस्तक छापलं की १९५४च्या कायद्यानुसार त्याची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात द्यावी लागते. सिनेमासाठी तशी सक्ती आपल्याकडे नाही. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४पासून आहे, पी. के. नायर यांनी जन्म वेचून ते उभारलं. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चं जे काही उरलं आहे ते त्यांच्यामुळे. पण कायद्याच्या पाठबळाशिवाय एका संस्थेने किती पुरं पडायचं?

तेव्हा ज्यांच्या माळ्यावर मराठी व्हीसीडींची खोकी असतील, त्यांनी ती रद्दीवाल्याला देण्याआधी उघडावीत. आधी न फोडलेल्या फोडाव्यात आणि लावून पाहाव्यात. आज चालणारी सीडी दोन वर्षांनी चालेलच असं नाही. माझ्याकडच्या सिनेमांची यादी मी करतो आहे. कोणती सीडी धड आहे, कोणती कुठे अडकते, कोणत्या सिनेमातलं गाणं कापलेलं आहे, हे सगळं त्यात असेल. अभ्यासासाठी कुणाला त्यातलं काही पाहायचं असेल, तर संपादकांमार्फत कळवावं. प्लेअर चालू स्थितीत आहे.