मोटारीतला वाटाड्या आणि कासूचा रस्ता

मुंबईहून दक्षिण कोकणात उतरणाऱ्या प्रवाशाच्या तोंडी कासू हे नाव सहसा येत नाही. पेण गेले, वडखळचा अलिबाग फाटा मागे पडला, की त्याचे चित्त एकदम नागोठण्याकडे धावते, आणि मधले कासू हे पनवेल-रोहे लोहमार्गावरील एक लहानसे स्थानक एवढीच त्याची ओळख उरते. सरकारी दफ्तरात मात्र या गावाला निराळे महत्त्व आले आहे. येथून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या सुमारे ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे रुंदीकरण २०११ साली हाती घेण्यात आले, ते वर्षानुवर्षे रखडले, आणि पुढे कामाची वाटणी करताना पळस्पे ते कासू व कासू ते इंदापूर असे त्याचे दोन तुकडे पडले. एका बाजूस खणलेला, दुसऱ्या बाजूस तात्पुरता वळवलेला, आज असलेला आणि उद्या बंद होणारा असा हा रस्ता मोटारीच्या पडद्यावरील वाटाड्याला कसा कळतो, आणि त्या कळण्यात इंटरनेटचा वाटा किती, हा प्रश्न येथे जितका सहज पडतो तितका क्वचितच अन्यत्र पडेल.

आपली मोटार कोठे आहे हे यंत्राला इंटरनेटवरून समजते, असा समज सुशिक्षितांतही रूढ आहे. तो निराधार आहे. स्थाननिश्चिती आकाशातून होते. अमेरिकेच्या जीपीएस व्यवस्थेचे सुमारे तीस उपग्रह पृथ्वीपासून २०,२०० किलोमीटर उंचीवरून अखंड वेळ सांगत फिरत असतात. त्यांचा संदेश प्रकाशाच्या वेगाने निघूनही खाली पोहोचण्यास सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग घेतो, आणि निरनिराळ्या उपग्रहांच्या संदेशांना लागलेल्या या विलंबांतील सूक्ष्म फरकावरून मोटारीतील यंत्र आपले अंतर व त्यावरून आपले स्थान गणिताने काढते. त्यासाठी किमान चार उपग्रह दृष्टिपथात असावे लागतात. रशिया, युरोप व चीन यांच्या अशाच व्यवस्था आहेत, आणि आपल्या ‘नाविक’ नावाच्या व्यवस्थेचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी प्रक्षेपित झाला. या सर्व व्यवहारात मोटार केवळ श्रोता असते. उपग्रहाकडे ती एक अक्षरही धाडीत नाही, आणि सिमकार्ड काढून ठेवले तरी कासूच्या रस्त्यावर तिला आपले अक्षांश-रेखांश बिनचूक समजतात. इंटरनेट येथे फक्त निकड भागवते. उपग्रहाच्या कक्षेचा तपशील उपग्रहाकडूनच ऐकावयाचा तर सेकंदाला अवघी ५० अंकचिन्हे या संथ गतीने तो उतरत असल्याने अर्धा मिनिट सहज जातो. तोच तपशील भ्रमणध्वनीच्या टॉवरवरून क्षणार्धात मिळतो, म्हणून फोनवरील निळा ठिपका इतक्या तत्परतेने उमटतो.

परंतु अक्षांश-रेखांश म्हणजे रस्ता नव्हे. त्या दोन आकड्यांखाली भातखाचर आहे, खारबंदिस्ती आहे की महामार्ग, हे सांगण्यास नकाशा हवा. १९८५ साली अमेरिकेत विक्रीस आलेल्या इटॅक नावाच्या यंत्रात नकाशे चक्क कॅसेटवर साठवलेले असत, आणि उपग्रहाचा आधारही त्यास नव्हता. चाकांचे फेरे व होकायंत्र यांवर ते आपला अंदाज चालवी. पुढे तबकड्या आल्या, मग नखाएवढी कार्डे आली. त्या साऱ्यांत एक वैगुण्य समान होते, ते असे की नकाशा ज्या दिवशी भरला त्याच दिवशी तो जुना होऊ लागे. मापमायइंडिया ही १९९५ साली स्थापन झालेली देशी कंपनी असो वा गूगल असो, आता त्यांचा नकाशा दूरच्या संगणकांत राहतो, तेथे त्यात फेरफार नोंदवले जातात, आणि मोटार पुढे सरकेल तसतसे त्याचे चौकोनी तुकडे तिच्याकडे येत राहतात. भारत सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशे तयार करण्यावरील पूर्वपरवानगीची बंधने बव्हंशी उठवली, तेव्हापासून देशी कंपन्यांचे हे काम पुष्कळ सुकर झाले.

हे तुकडे मोटारीत येतात त्याचे मुख्य मार्ग दोन. पहिल्यात मोटारीच्या अंगातच एक सिम बसवलेले असते, छपरावरील माशाच्या परासारख्या उंचवट्यातून त्याची अँटेना टॉवरशी बोलते, आणि मालकाच्या फोनशी त्याचा संबंध नसतो. २०१९ साली आलेल्या ह्युंदाई वेन्यू व एमजी हेक्टर या गाड्यांपासून ही सोय आपल्याकडे मध्यमवर्गाच्या आटोक्यात आली. प्रारंभीच्या मुदतीनंतर तिची वर्गणी भरावी लागते, ही गोष्ट विक्रेता सावकाश सांगतो. दुसऱ्या मार्गात मोटारीचा पडदा हा केवळ आरसा असतो: फोन केबलने किंवा बिनतारी जोडला, की अँड्रॉइड ऑटो वा कारप्ले यांच्याद्वारे फोनवरचेच चित्र तेथे उमटते, आणि टॉवर, नकाशा, हिशेब हे सर्व फोन सांभाळतो. माझे मत विचाराल तर दुसरा मार्गच शहाणपणाचा. कारण मोटार पंधरा वर्षे टिकते, तिच्यातील दूरसंचाराचे यंत्र तितके टिकेलच असे नाही. अमेरिकेत २०२२ साली थ्रीजी जाळी बंद झाली, तेव्हा चालत्या धडधाकट मोटारी एका रात्रीत मुक्या झाल्या होत्या.

इंटरनेटचे खरे सामर्थ्य दिसते ते गणेशोत्सवाच्या आदल्या दिवसांत. चाकरमान्यांच्या गाड्यांनी महामार्ग तुंबला, की पडद्यावर पेण-वडखळ-कासू ही रेघ लाल होते आणि यंत्र प्रवाशाला खोपोली-पालीवरून वाकण फाट्याकडे जाण्याचा सल्ला देते. हा लाल रंग कोणी चौकीत बसून भरलेला नसतो. रस्त्यावरील असंख्य फोन आपले स्थान व वेग निनावी स्वरूपात कंपनीकडे धाडीत असतात, आणि त्यांच्या मंदावलेल्या गतीवरून कोंडीचा निष्कर्ष निघतो; म्हणजे कोंडीत अडकलेला प्रत्येक प्रवासी मागच्या प्रवाशासाठी न कळत साक्ष देत असतो. कासूच्या आसपास लोहमार्ग महामार्गाच्या जवळून जात असल्याने आगगाडीतील फोनांची साक्षही गाळून वेगळी काढावी लागते, नाहीतर तुंबलेला रस्ता मोकळा भासावयाचा. साक्ष खोटी असली तरी यंत्र ती मानते: फेब्रुवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सायमन वेकर्ट या बर्लिनच्या कलावंताने हातगाडीत ९९ फोन घालून ती रस्त्याने ओढत नेली, आणि नकाशावर तो मोकळा रस्ता लाल झाला. शिवाय सर्वांना एकच पर्यायी वाट सांगितल्यावर वाकण फाट्यावर काय होते, हे तेथील दुकानदारांना विचारावे.

टॉवरची रेंज गेली म्हणजे वाटाड्या तत्काळ थांबत नाही. आखलेला मार्ग त्याच्या स्मृतीत असतो आणि आकाशाचा दाखला चालूच असतो, फक्त कोंडीची वार्ता बंद होते आणि वाट चुकल्यास नवी वाट शोधण्यास अडचण पडते. याच महामार्गावर पुढे लागणाऱ्या कशेडीच्या बोगद्यात याच्या उलट, आकाशच तुटते. तेव्हा इटॅकच्या जुन्या युक्तीप्रमाणे मोटारीचा वेग व दिशा यांवरून तो अंदाजाने पुढे सरकतो. मात्र काल वळवलेला रस्ता कोणी नोंदवला नसेल, तर आकाश आणि इंटरनेट दोन्ही शाबूत असूनही तो निःशंकपणे खोदलेल्या भागाकडे बोट दाखवतो.

म्हणून कोकणात निघणाऱ्याने दोन गोष्टी कराव्यात. घर सोडण्यापूर्वी, वायफाय हाताशी असताना, रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा. त्यास पैसा पडत नाही. आणि कासूच्या पुढे रस्त्यावरचा फलक किंवा हात दाखवणारा पोलीस एक सांगत असेल व पडदा दुसरे, तर पोलिसाचे ऐकावे.