फळांच्या लक्षणांवरून आंब्याच्या वाणांचे संगणकीय वर्गीकरण : रत्नागिरीच्या संदर्भात

कोकणातील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. त्यामुळे फळाची अचूक ओळख हा बागायतदारांच्या उत्पन्नाशी निगडित प्रश्न ठरतो.

यंत्र-अध्ययन पद्धतीत फळाचे वजन, लांबी-रुंदीचे गुणोत्तर, चोच व सालीचा रंग ही लक्षणे अंकांत मांडली जातात. ज्ञात वाणांच्या फळांवरून संगणक वर्गीकरणाचे नियम शिकतो. नंतर अपरिचित फळांवर त्याची चाचणी घेतली जाते. चाचणीची फळे वेगळ्या बागांतील असावीत. अन्यथा संगणक वाणाऐवजी बागच ओळखू लागण्याचा संभव असतो.

वेंगुर्ले येथे विकसित झालेला 'रत्ना' (१९८१) हा नीलम व हापूस यांचा, तर 'सिंधू' (१९९२) हा रत्ना व हापूस यांचा संकर होय. अशा सगोत्र वाणांत लक्षणांची सरमिसळ होते. कलमांमुळे वाणाचे गुण टिकतात. बीपासून वाढलेल्या रायवळाचे मात्र प्रत्येक झाड निराळे असते. 'अज्ञात' असा स्वतंत्र वर्ग नसेल, तर संगणक रायवळालाही एखाद्या परिचित वाणात बसवतो.

शिवाय हापूस कर्नाटकातही पिकतो. म्हणजेच वाण ओळखला, तरी मूळस्थान सिद्ध होत नाही. त्यासाठी बागनिहाय नोंदींना पर्याय नाही.